जामोवी: प्रश्नावली तपासायला उत्तम, पण टिक करायची घाई नको

मी फिजिओथेरपिस्ट आहे, संख्याशास्त्रज्ञ नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी काळजी घेणाऱ्यांना येणारा शीण मोजता यावा म्हणून आमच्या गटाने एक प्रश्नावली घडवली आणि तिची जवळपास सगळी आकडेमोड मी जामोवी या सॉफ्टवेअरवर केली. तेव्हापासून कुणी विद्यार्थी नवी प्रश्नावली घेऊन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, कशात करू?" दर वेळी तेच पाढे म्हणण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकते.

आधी निकाल सांगते: बिनधास्त घ्या. मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि एक्सेल उघडता येणाऱ्या कुणालाही पहिल्याच दिवशी पुढे काय करायचं ते कळतं. एसपीएसएस या विकतच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स बहुतेकदा संस्थेचं असतं, संस्था सुटली की तेही सुटतं. 'आर' ही आकडेमोडीची संगणक-भाषा मोफत असली तरी रिकाम्या पडद्यावर लुकलुकणारा कर्सर पाहून आमच्यातल्या निम्म्यांच्या पोटात गोळा येतो. या दोघांच्या मधली जागा जामोवीने व्यवस्थित भरली आहे. जोनाथन लव्ह, डेमियन ड्रॉपमन आणि रवी सेल्कर या तिघांनी ते सुरू केलं. तिघेही त्याआधी 'जास्प' या भावंडासारख्या सॉफ्टवेअरवर काम करत होते.

वरून साधं दिसलं तरी आत इंजिन 'आर'चंच आहे. विश्वसनीयता (गुण किती भरवशाचे) आणि घटक-विश्लेषण (कोणते प्रश्न मिळून एकच गोष्ट मोजतात ते शोधणं) विल्यम रेव्हेल यांच्या 'सायक' या 'आर'च्या पॅकेजवर चालतं, कन्फर्मेटरी विश्लेषण (आधी ठरवलेली घटकांची मांडणी डेटात बसते का ते तपासणं) इव्ह रोसील यांच्या 'लावान'वर. कोणत्या विश्लेषणामागे कोणतं पॅकेज आहे, ते निकालाच्या तळाशी संदर्भ म्हणून आपोआप छापून येतं. त्यामुळे "हे फुकटचं सॉफ्टवेअर कितपत भरवशाचं?" असं गाइडने विचारलं तर बोट ठेवून दाखवता येतं.

त्याची खरी खासियत मात्र वेगळीच आहे. डावीकडे चौकटी, उजवीकडे निकाल. चौकटीत टिक केलं की त्याच क्षणी उजवीकडचा तक्ता बदलतो. 'रन' दाबा, नवी खिडकी उघडा, जुना निकाल कुठे गेला ते शोधा, ही कटकट नाही. महिन्याभरापूर्वीच्या तक्त्यावर क्लिक केलं तरी तेव्हा निवडलेले सगळे पर्याय जसेच्या तसे समोर येतात. शिकणाऱ्याला याहून चांगलं काय हवं? आणि माझी तक्रारही नेमकी इथूनच सुरू होते. ती सॉफ्टवेअरबद्दल कमी, आपल्या हाताबद्दल जास्त आहे. निकाल इतक्या पटकन हलतो की माणूस आकडा सुधारण्याच्या नादी लागतो आणि प्रश्नावली कशासाठी होती ते बाजूला राहतं.

त्याआधी हे सांगायला हवं की अर्ध्याहून अधिक कामात जामोवीचा काही उपयोग होत नाही. प्रश्न कुठून आणायचे, तज्ज्ञांना काय विचारायचं, ज्यांच्यासाठी प्रश्न लिहिले त्यांना ते कळतात का, यातलं काहीही मेनूमध्ये नाही, आणि असायचं कारणही नाही. मापनसाधनं पारखण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'कॉस्मिन' या निकषांमध्ये आशय-वैधता (जे मोजायचं ते प्रश्नांत नीट आलंय का) हा सगळ्यात महत्त्वाचा गुण धरला आहे. तो आकड्यांच्या आधी येतो.

आमच्या पहिल्या यादीत एक प्रश्न असा होता: "रुग्णाला उचलताना आणि आंघोळ घालताना मला त्रास होतो." पाच पर्याय, 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत. समोर बसलेल्या बाईंनी तो दोनदा वाचला, पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "उचलते मी, आंघोळ माझे दीर घालतात. मग कुणाचा त्रास लिहू?" एका प्रश्नात दोन प्रश्न घुसडले होते. हाच फॉर्म शेकडो लोकांकडून भरून घेतला असता तर प्रत्येकाने आपल्या सोयीने कशाला तरी टिक केलं असतं आणि जामोवीने त्याचाही सुबक तक्ता काढून दिला असता. अशा मुलाखती, म्हणजे माणसाला प्रश्न मोठ्याने वाचायला लावून "तुम्हाला काय समजलं?" असं विचारणं, वगळून जे थेट डेटा गोळा करायला पळतात त्यांना कोणतंही सॉफ्टवेअर वाचवू शकत नाही.

तज्ज्ञांच्या मतांचा हिशेबही बाहेरच करावा लागतो. एक्सेल पुरतं. लॉशे यांनी 1975 मध्ये दिलेलं सूत्र सोपं आहे: प्रश्न 'अत्यावश्यक' म्हणणाऱ्यांच्या संख्येतून एकूण तज्ज्ञांची निम्मी संख्या वजा करायची आणि उत्तराला त्याच निम्म्या संख्येने भागायचं. दहापैकी आठ जण 'अत्यावश्यक' म्हणाले तर गुणोत्तर 0.60 येतं. ऐकायला आठ जण म्हणजे दणदणीत बहुमत, पण लॉशे यांच्या तक्त्यात दहा तज्ज्ञांसाठी किमान 0.62 लागतं. म्हणजे प्रश्न थोडक्यात नापास. अशा काठावरच्या प्रश्नाचं काय करायचं ते तज्ज्ञांच्या शेऱ्यांवरून ठरवावं लागतं, नुसत्या भागाकारावरून नाही.

आता डेटा आत घेऊ. जामोवीत प्रत्येक कॉलमला प्रकार द्यावा लागतो, मुख्यतः नॉमिनल (नुसते गट), ऑर्डिनल (क्रम असलेले पर्याय) किंवा कंटिन्युअस (मोजलेले अंक), आणि कॉलमच्या डोक्यावर तशी छोटी खूण दिसते. आधी डिस्क्रिप्टिव्हमध्ये जाऊन प्रत्येक प्रश्नाचा फ्रीक्वेन्सी तक्ता काढा. ज्या प्रश्नाला जवळपास सगळ्यांनी एकच उत्तर दिलंय, तो प्रश्न माणसामाणसांत फरक दाखवत नाही, मग तो कितीही गोड शब्दांत लिहिलेला असो. एकूण गुणांसाठीही हेच पाहायचं. सर्वांत कमी किंवा सर्वांत जास्त गुण 15 टक्क्यांहून अधिक लोकांना मिळाले असतील, तर तळ किंवा छत गाठल्याची ती खूण मानतात. छताला टेकलेल्या माणसाचा शीण पुढे वाढला तरी तुमच्या मोजपट्टीला तो दिसणार नाही.

मग रिलायबिलिटी अ‍ॅनालिसिस. माझ्या मते जामोवीचा हा सगळ्यात नीटस भाग आहे. प्रश्न एका चौकटीतून दुसरीत ढकलले की लगेच क्रोनबॅक अल्फा येतो, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत ते सांगणारा आकडा, एकच्या जितका जवळ तितकी सुसंगती जास्त. शेजारीच त्याच कामाच्या मॅकडोनाल्डच्या ओमेगाची टिक आहे, तीही करा. सगळे प्रश्न मूळ गुणधर्माशी सारख्याच ताकदीने जोडलेले आहेत असं अल्फा गृहीत धरतो. खऱ्या प्रश्नावलीत तसं क्वचितच असतं. ओमेगाला ती अट नाही.

उलट्या प्रश्नांची सोयही छान आहे. आमचा एक प्रश्न होता, "रात्री मला सलग झोप मिळते." बाकी सगळ्या प्रश्नांत जास्त गुण म्हणजे जास्त शीण, इथे बरोबर उलटं. असा प्रश्न तसाच आत टाकला की तक्त्याखाली बारीक अक्षरात टीप येते: हा प्रश्न एकूण स्केलशी उलट दिशेने जातोय, बहुधा त्याचे गुण उलटवायला हवेत. खाली 'रिव्हर्स स्केल्ड आयटम्स' नावाची वेगळी चौकट आहे. प्रश्न उचलून तिथे ठेवला की काम झालं, मूळ कॉलमला हात लावावा लागत नाही. ही टीप न वाचता प्रश्नच काढून टाकणारे मी पाहिलेत. तसं करू नका. आणि ज्या प्रश्नावर अशी टीप यायला नको होती त्यावर ती आली, तर गुण उलटवण्याआधी फॉर्म पुन्हा काढून बघा. लोकांनी प्रश्न उलटा समजून घेतला असण्याची शक्यता असते.

आता ती टिक, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. 'इफ आयटम इज ड्रॉप्ड'. ती केली की प्रत्येक प्रश्नासमोर एक आकडा येतो: हा प्रश्न काढला तर अल्फा किती होईल. ज्या ओळीत तो आकडा सध्याच्या अल्फापेक्षा मोठा असतो तिकडेच नजर जाते. बोटं शिवशिवतात. एक काढा, अल्फा वाढला. आता दुसऱ्या ओळीतला आकडा मोठा दिसतोय, तोही काढा. चार क्लिकमध्ये अल्फा 0.90 च्या पुढे आणि प्रबंधात टाकायला झकास वाक्य तयार.

आमच्याकडे असा बळीचा बकरा होता, "स्वतःसाठी थोडा वेळ काढला की मला अपराधी वाटतं." उरलेल्या प्रश्नांशी त्याचं नातं, म्हणजे आयटम-रेस्ट कोरिलेशन, ज्या 0.30 च्या रेषेकडे सगळे पाहतात तिच्या खाली. तो काढला की अल्फा वर. पण मुलाखतींच्या टिपणांत सगळ्यात जास्त वेळा आलेली गोष्ट हीच होती. कंबर दुखते हे लोक हसत सांगायचे, हे सांगताना मान खाली जायची. तो प्रश्न काढला असता तर आमची प्रश्नावली फक्त शरीराचा शीण मोजणारी झाली असती, आणि नाव मात्र तेच राहिलं असतं. डेटा गोळा करण्याआधीच आम्ही एका कागदावर नियम लिहून ठेवला होता: आकड्यांत कच्चा ठरलेला प्रश्न तज्ज्ञ आणि मुलाखती या दोन्हींत पक्का असेल तर घटक-विश्लेषण होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. पुढे दिसलं की अपराधीपणाचा तो प्रश्न आणखी दोन-तीन प्रश्नांसोबत स्वतंत्र घटक बनवतोय. सगळे प्रश्न एकाच पिशवीत टाकून अल्फा काढला होता, म्हणून तो तिथे परका दिसत होता. अल्फा उपघटकागणिक काढायचा असतो ही गोष्ट जामोवी तुम्हाला सांगत नाही. प्रश्न चौकटीत ढकलणारे तुम्ही असता.

उलट बाजूही तितकीच फसवी. अल्फा उंच म्हणजे प्रश्नावली चांगली, हा समज जाता जात नाही. क्रोनबॅक यांचा लेख 1951 चा, तरी अजून आपण त्या एका आकड्यापाशीच अडलोय. साधं गणित बघा: प्रश्नांमधला सरासरी सहसंबंध 0.30 इतकाच ठेवला, तर पाच प्रश्नांचा प्रमाणित अल्फा 0.68 येतो, दहाचा 0.81, वीसचा जवळपास 0.90. प्रश्नांचा दर्जा तोच, फक्त संख्या वाढली. दुसरी युक्ती याहून सोपी. "माझी पाठ दुखते", "माझी कंबर दुखते", "काम संपल्यावर पाठीत कळ येते", असे तीन प्रश्न घाला, अल्फा आपोआप फुगेल. मोजलं काय? एकच गोष्ट तीनदा. म्हणून अल्फा 0.95 च्या वर गेला की मला आनंद होत नाही, संशय येतो. अशा वेळी तिथेच 'कोरिलेशन हीटमॅप' टिक करा. जुळे प्रश्न रंगावरूनच पकडले जातात.

घटक-विश्लेषणाच्या मेनूत जामोवीने एक मोठं पुण्य केलंय: एक्स्प्लोरेटरीमध्ये (मांडणी आधी न ठरवता घटक शोधायचे तिथे) घटक किती ठेवायचे हे ठरवताना पॅरलल अ‍ॅनालिसिस आधीपासूनच निवडलेलं असतं. हॉर्न यांनी 1965 मध्ये मांडलेली ही पद्धत. तुमच्या डेटाइतक्याच आकाराचा निव्वळ यादृच्छिक डेटा तयार करायचा आणि त्याच्या आयगेनव्हॅल्यूंना (घटक डेटातला किती फरक पकडतो त्याचं माप) जे घटक मागे टाकतात तेवढेच ठेवायचे. 'एकपेक्षा मोठी आयगेनव्हॅल्यू' हा जुना नियम गरजेपेक्षा जास्त घटक काढतो हे कित्येकदा दाखवून झालंय, तरी प्रबंधांतून तो हटत नाही. घटक फिरवण्याची (म्हणजे तक्ता वाचायला सोपा करण्याची) पद्धतही ऑब्लिमिन ठेवलेली आहे, म्हणजे घटक एकमेकांशी संबंधित असायला मोकळे. आरोग्याच्या प्रश्नावल्यांत तेच योग्य. शरीर थकलेलं आणि मन अगदी ताजंतवानं असं गृहीत धरण्यात काय अर्थ?

दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक, त्याच मेनूत प्रिन्सिपल कंपोनंट अ‍ॅनालिसिसही आहे. घाईत ते निवडू नका. प्रश्नांमागचा दडलेला गुणधर्म शोधणं हे त्याचं काम नाही, ते माहिती आटोपशीर करतं. दोन, 0.3 खालची लोडिंग्ज (प्रश्नाचं घटकाशी नातं किती घट्ट ते सांगणारे आकडे) लपवायची सोय आधीपासून चालू असते. तक्ता त्यामुळे देखणा दिसतो, पण 0.29 आणि 0.02 दोन्ही सारखेच रिकामे दिसतात. पहिल्या नजरेला ती मर्यादा शून्य करा, सगळे आकडे बघा, मग छापण्यासाठी लपवा. उजवीकडच्या टोकाला 'युनिकनेस' असतो, तिकडेही बघत जा. तो 0.8 असेल तर त्या प्रश्नातल्या फरकाचा पाचवा हिस्साच घटकांना समजावता आलाय.

इथेच जामोवीची एक खरी मर्यादा लागते. आपले प्रश्न 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंतचे, म्हणजे ऑर्डिनल. मी वापरते त्या आवृत्तीत मूळ घटक-विश्लेषण त्यांना सरळ अंकांसारखं धरतं. पाच पर्याय आहेत आणि उत्तरं बऱ्यापैकी पसरलेली आहेत तिथे फारसं बिघडत नाही. तीनच पर्याय, त्यातही सगळे एका टोकाला गोळा झालेले, अशा डेटाला पॉलिकोरिक सहसंबंध (क्रमाच्या पर्यायांसाठीच बनवलेला) हवा, आणि त्यासाठी 'आर'कडे जावं लागतं. तिथे 'सायक'मध्ये ते एका छोट्या आज्ञेत होतं. जामोवीत 'सिंटॅक्स मोड' चालू केला की तुम्ही माउसने केलेल्या विश्लेषणाची 'आर'मधली ओळ दिसते. ती वाचत वाचत 'आर'ची भीती मोडते. माझी तशीच मोडली.

कन्फर्मेटरीबद्दल थोडक्यात. प्रश्न घटकांत टाका, मांडणी डेटाशी किती जुळते ते सांगणारे सीएफआय, टीएलआय, आरएमएसईए हे आकडे लगेच येतात, एसआरएमआर टिक करून मागावं लागतं. 1999 च्या हू आणि बेंटलर यांच्या लेखातले 0.95 (सीएफआय, टीएलआय), 0.06 (आरएमएसईए) आणि 0.08 (एसआरएमआर) हे आकडे सगळे तोंडपाठ म्हणतात. ते दिशादर्शक आहेत, फाशीचा दोर नव्हे. ज्या लोकांवर एक्स्प्लोरेटरी केलं त्यांच्यावरच कन्फर्मेटरी करू नका, ते आपल्याच उत्तरपत्रिकेला आपणच गुण देण्यासारखं आहे. जामोवीत फिल्टर लावून नमुना दोन भागांत वाटता येतो. आणि मॉडिफिकेशन इंडेक्स (काय जोडलं तर मांडणी डेटाशी जास्त जुळेल ते सुचवणारा आकडा) बघून दोन प्रश्नांच्या चुकांमध्ये बाण जोडत सुटण्याचा मोह इथेही तोच, ड्रॉपच्या टिकचा सख्खा भाऊ.

पुन्हा-चाचणीसाठी, म्हणजे त्याच माणसांकडून काही दिवसांनी तीच प्रश्नावली भरून घेतली की, मूळ मेनूत फार काही मिळत नाही. जामोवी लायब्ररीतून मोड्यूल उतरवावं लागतं. 'सिंपली-अ‍ॅग्री' नावाचं त्यात चांगलं आहे. दोन्ही वेळचे गुण किती जुळतात ते सांगणाऱ्या इंट्राक्लास सहसंबंधाचे अनेक प्रकार असतात, श्राउट आणि फ्लाइस यांनी 1979 मध्येच सहा मांडले. कोणता वापरला ते लिहायलाच हवं. 'सुसंगती' आणि 'तंतोतंत जुळणं' यांत फरक आहे: दुसऱ्या वेळी सगळ्यांचे गुण पाचाने वाढले तरी सुसंगती शंभर टक्के राहते.

याच आकड्यातून पुढचा आकडा काढायला कुणी जात नाही, आणि मला क्लिनिकमध्ये नेमका तोच लागतो. समजा, गुणांचं प्रमाण विचलन 10 आहे आणि इंट्राक्लास सहसंबंध 0.84. सर्वसाधारण मर्यादा 0.70 ची, म्हणजे पास, टाळ्या. आता मापनाची प्रमाण त्रुटी काढा: एकातून 0.84 वजा करून वर्गमूळ घ्या, दहाने गुणा. उत्तर 4. त्याला 1.96 ने आणि दोनच्या वर्गमूळाने गुणलं की साधारण 11 येतात. एका माणसात खरा बदल झाला म्हणायला निदान इतका फरक हवा. म्हणजे एखाद्या काळजीवाहकाचे गुण आधाराच्या कार्यक्रमानंतर सहाने उतरले, तर त्या एका माणसाला बरं वाटतंय की नुसता मोजण्यातला हेलकावा आहे, हे मला सांगता येणार नाही. गटाच्या सरासरीसाठी तीच प्रश्नावली उत्तम चालेल. हा हिशेब जामोवीच्या मूळ मेनूतली कोणतीही टिक करून देत नाही. कॅल्क्युलेटर घ्या आणि करा.

गमावलेल्या उत्तरांबद्दलही सावध राहा. बेरजेचा कॉलम 'सम' सूत्राने केला आणि एक उत्तर रिकामं असेल, तर बेरीजही रिकामी राहते. रिकामी सोडून बेरीज करायचा पर्याय सूत्रातच आहे, पण तो वापरलात तर ज्याने तीन प्रश्न सोडले त्याचा शीण कमी दिसणार. किती प्रश्न सुटले तर फॉर्म बाद, हेही त्या आधीच्या कागदावर लिहायचं.

शेवटची गोष्ट थेट रुग्णांशी संबंधित. जामोवीची ओएमव्ही फाइल एकाच डब्यात सगळं ठेवते: विश्लेषण, पर्याय, निकाल आणि सोबत पूर्ण डेटा. गाइडकडे काम पाठवायला ही सोय मोठी. पण तीच फाइल "निकाल बघा" म्हणून व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली जाते, तेव्हा कॉलममधली नावं आणि फोन नंबरही सोबत जातात. नाव आणि नंबर जामोवीत आणूच नका, नुसता सांकेतिक क्रमांक ठेवा. फक्त तक्ते दाखवायचे असतील तर निकाल पीडीएफ म्हणून एक्स्पोर्ट करा, ते डावीकडे वरच्या तीन आडव्या रेषांच्या मेनूत आहे.